चालतो तोवर चालवावा का?

२२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे नवे दर लागू झाले. त्यानंतर तीन आठवड्यांनी, १४ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला सर्वसाधारणपणे मिळणारा आधार थांबवला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. सोलापूरच्या चादर-टॉवेलच्या धंद्यात मात्र त्या एकाच टेबलावर येऊन पडल्या. हजार रुपयांपर्यंतच्या नगाला ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के ही अट २०१७ पासून बिलिंगच्या प्रोग्रॅममध्ये पक्की बसलेली होती. आता मर्यादा २५०० झाली आणि तिच्यावरचा दर १८ टक्के. ज्यांच्याकडे प्रोग्रॅमचा सोर्स कोड होता आणि तो उघडणारा माणूसही होता, त्यांचे काम चहा येईपर्यंत उरकण्यासारखे होते. कारण बदलायचे होते ते दोन आकडे. ज्यांच्याकडे नुसती एक्सई फाइल होती, त्यांच्यासाठी तेच दोन आकडे कुलूपबंद तिजोरीत होते.

तेव्हापासून एक जुना प्रश्न नव्या जोराने विचारला जातो आहे. वीस-बावीस वर्षे निमूटपणे काम करणारा प्रोग्रॅम तसाच ठेवावा, की नव्या साधनांवर नव्याने लिहून घ्यावा? हा प्रश्न विचारणारे मालक, रोज त्या पडद्यासमोर बसणारे कारकून आणि तो प्रोग्रॅम सांभाळणारे स्थानिक प्रोग्रॅमर या तिघांची उत्तरे वेगवेगळी आहेत, आणि तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून कोणत्याही एका बाजूला घाईने झुकण्याआधी सगळे म्हणणे नीट मांडले पाहिजे.

मुख्यतः हा प्रश्न व्हिज्युअल बेसिक ६ चा आहे. १९९८ मध्ये आलेल्या या साधनाने देशभरातल्या छोट्या शहरांत सॉफ्टवेअर नावाची गोष्ट पहिल्यांदा परवडणारी केली. एक प्रोग्रॅमर, एक संगणक, ॲक्सेसची एक डेटा फाइल, छापण्यासाठी क्रिस्टल रिपोर्ट्स, एवढ्या भांडवलावर कारखान्याची बिले, पतसंस्थेची खाती, दुकानाचा स्टॉक असे सगळे उभे राहिले. मायक्रोसॉफ्टने या बेसिकच्या विकास-साधनाचा आधार ८ एप्रिल २००८ रोजीच संपवला. पण तयार झालेले प्रोग्रॅम चालण्यासाठी लागणारा भाग विंडोजसोबत आजही येतो आणि तो विंडोज ११ वरही चालतो. गोंधळ इथेच होतो. विंडोज १० चा आधार संपला म्हणजे जुना प्रोग्रॅम बंद पडेल असे कोणी सांगत असेल, तर ते खरे नाही. संगणक बदलावा लागेल, पण प्रोग्रॅम बहुतेक वेळा तसाच चालेल.

दुसरी गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केलेली बरी. इथे अपग्रेड म्हणजे जुन्या आवृत्तीवर नवी आवृत्ती टाकणे नव्हे. २००२ मध्ये आलेल्या डॉटनेटच्या व्हिज्युअल बेसिकचे नाव तेच असले तरी आतून ती वेगळीच भाषा होती. जुना कोड आपोआप बदलून देणारी सोय व्हिज्युअल स्टुडिओमध्ये काही वर्षे होती, २०१० च्या आवृत्तीत तीही काढून टाकली गेली. म्हणजे निर्णय घ्यायचा तो बहुतांशी पुनर्लेखनाचा.

जे म्हणतात बदलू नका, त्यांचे म्हणणे आधी ऐकू. ते आळसाचे आहे असे समजणे अन्यायाचे होईल. वीस वर्षे चाललेल्या प्रोग्रॅममध्ये नुसता कोड नसतो, त्या धंद्याची स्मरणशक्ती त्यात साठलेली असते. एक उदाहरण अगदी जवळून पाहू. १००१ रुपयांच्या मालावर ५ टक्के जीएसटी म्हणजे केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच टक्के. अडीच टक्के म्हणजे २५.०२५ रुपये. आता हा अर्धा पैसा वर न्यायचा की खाली? व्हिज्युअल बेसिक ६ मधली राउंड ही सोय अशा वेळी जवळच्या सम आकड्याकडे जाते आणि २५.०२ देते. एसक्यूएल सर्व्हरची त्याच नावाची सोय वर जाते आणि २५.०३ देते. दोन्ही कर धरले की एका बिलात दोन पैशांचा फरक. नव्याने लिहिणाऱ्या मुलाला हे ठाऊक नसेल, तर पहिल्याच महिन्यात जुनी बिले आणि नवी बेरीज जुळत नाही, आणि सीए विचारतो तेव्हा उत्तर कोणाकडेच नसते.

तारखांचेही तसेच. ॲक्सेसला क्वेरीत तारीख द्यायची तर आधी महिना आणि मग दिवस असा अमेरिकी क्रम लागतो. आपल्या पद्धतीने ५ एप्रिल लिहिले तर ते ४ मे समजले जाते, कसलीही तक्रार न करता. १३ तारखेपासून पुढे मात्र सगळे बरोबर दिसते, कारण तेरावा महिना नसतो. त्या काळच्या प्रत्येक प्रोग्रॅमरने ही ठेच खाल्ली आणि कोडमध्ये त्यावर उपाय करून ठेवला. असे शेकडो उपाय कुठेही लिहून ठेवलेले नसतात. ते फक्त कोडमध्ये असतात. नगावर मजुरी, बिमाचा हिशोब, जॉब वर्कला दिलेले सूत आणि परत आलेला माल यांचे नियम प्रत्येक कारखान्यात थोडे वेगळे असतात, आणि ते नियम मालकालाही विचारून सगळे सांगता येत नाहीत.

जगाचा अनुभवही या बाजूने साक्ष देतो. नेटस्केपने आपला ब्राउझर मुळापासून नव्याने लिहायला घेतला. आवृत्ती ५ बाजारात आलीच नाही, २००० च्या अखेरीस थेट ६ आली, आणि तोवर इंटरनेट एक्स्प्लोरर पुढे निघून गेला होता. सॉफ्टवेअरवर लिहिणारे जोएल स्पोल्स्की यांनी त्याच वर्षी यावर लिहिले आणि चालणारा कोड फेकून देणे ही सॉफ्टवेअर कंपनीने कधीही करू नये अशी चूक ठरवली. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये एका शनिवार-रविवारात सगळी खाती नव्या यंत्रणेवर नेली. सुमारे १९ लाख ग्राहकांना आपल्या खात्यात शिरता येईना, आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड केला. या दोन्ही ठिकाणी पैसा किंवा हुशारी यांची वानवा नव्हती. जे त्यांना जमले नाही ते आपल्या दोन माणसांच्या ऑफिसला जमेल का, हा प्रश्न योग्यच आहे.

तथापि, दुसरी बाजू तितकीच भक्कम आहे, आणि ती दरवर्षी आणखी भक्कम होत चालली आहे.

पहिला मुद्दा माणसाचा. व्हिज्युअल बेसिक ६ शिकलेली पिढी आता पन्नाशीकडे आली आहे. १९८३ पासूनची वालचंद इन्स्टिट्यूट असो, २००४ मध्ये स्थापन झालेल्या सोलापूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये असोत, तिथून बाहेर पडणारी मुले पायथन, जावा, जावास्क्रिप्ट शिकून येतात आणि बहुतेक जण पुण्याचा किंवा हैदराबादचा रस्ता धरतात. इथे राहणाऱ्याला जुन्या साधनात हात घालायला सांगितले, तर तो नाही म्हणतो. त्यात त्याचे चूक काय? त्याच्या उमेदीची वर्षे तो अशा कौशल्यात का घालवील, ज्याला उद्या बाजारात किंमत नाही? म्हणजे अनेक ठिकाणी सगळी मदार एका माणसावर आहे. तो आजारी पडला किंवा मुलाकडे पुण्याला राहायला गेला, की कारखान्याचा हिशोब त्याच्याबरोबर गेला.

दुसरा मुद्दा सरकारी दाराचा. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे. आधी बिल पोर्टलकडे पाठवायचे, तिथून चौसष्ट अक्षरांचा क्रमांक आणि क्यूआर कोड घ्यायचा आणि मगच ते गिऱ्हाइकाला द्यायचे. हे सगळे इंटरनेटवरच्या सुरक्षित देवाणघेवाणीवर चालते आणि १९९८ च्या साधनाला ही भाषा मुळात येत नाही. लोकांनी वाट काढली आहे. जुना प्रोग्रॅम फाइल तयार करतो, कारकून ती पोर्टलवर चढवतो, उत्तर उतरवून घेतो, परत प्रोग्रॅममध्ये घालतो. दिवसाला पाच बिले असतील तर हे निभावते. दिवाळीच्या आधी ट्रान्सपोर्टचा टेम्पो दारात उभा असताना निभावत नाही.

तिसरा मुद्दा कमी बोलला जातो, पण आमच्या दृष्टीने तो सर्वांत गंभीर आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असेच हिशोबाचे सॉफ्टवेअर वापरावे लागते, ज्यात प्रत्येक फेरबदलाची नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. ॲक्सेसची फाइल कोणीही उघडावी, आकडा बदलावा आणि बंद करावी, मागे खूण उरत नाही. भागीदारी किंवा मालकीच्या फर्मला हा नियम लागू नाही, हे खरे. पण पतसंस्थेत शेकडो ठेवीदारांचा पैसा अशा फाइलमध्ये असेल, तर नियम लागू आहे की नाही एवढ्यावर विषय संपत नाही. पिग्मी भरणारा भाजीवाला त्या फाइलवर विश्वास ठेवतो आहे.

मराठीचा प्रश्नही इथेच येतो. त्या काळच्या पडद्यांवर युनिकोड धड दिसत नसे, म्हणून खातेदारांची नावे श्रीलिपी, शिवाजी अशा फॉन्टांत भरली गेली. फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. त्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाते, युनिकोडमध्ये नंतर, आणि रफाराचे नेमके उलट. रूपांतर करणारी साधने आहेत, पण सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू आडनावांतली जोडाक्षरे त्यांतून सुखरूप बाहेर येतीलच असे नाही. एकेक नाव डोळ्यांनी तपासावे लागते. हे काम जितके लांबवाल तितकी नावे वाढतात.

मात्र नव्याच्या बाजूने बोलणारे एक गृहीत धरतात, ते तपासून पाहिले पाहिजे. नवे घेतले की प्रश्न मिटला, असे होत नाही. डॉटनेटच्या ज्या आवृत्तीला दीर्घ आधार म्हणतात, तो तीन वर्षांचा असतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या आवृत्ती ८ चा आधार नोव्हेंबर २०२६ मध्ये संपतो. ज्यांनी मोठ्या कष्टाने जुन्या बेसिकवरून डॉटनेटच्या बेसिकवर उडी मारली, त्यांना मार्च २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितले की ती भाषा यापुढे वाढवण्याचा बेत नाही. म्हणजे पाव शतकाहून जुने साधन अजून चालते आहे आणि त्याच्या जागी आलेल्यांना दर तीन वर्षांनी दुरुस्ती लागते. मालकाला याचा राग येत असेल तर तो समजण्यासारखा आहे.

क्लाउडवरच्या तयार सेवांचेही तसेच. वर्षाचे भाडे भरा, बाकी सगळे आम्ही पाहतो, ही गोष्ट ज्याला संगणकाचे ज्ञान नाही त्याला दिलासा देणारी आहे. साधा हिशोब असेल तर टॅलीसारखे तयार पॅकेज घ्यावे, वेगळे लिहून घेण्याची गरजच नाही. पण डेटा दुसऱ्याच्या सर्व्हरवर गेला की त्याचे आजारपणही आपले होते. जुलै २०२४ च्या अखेरीस एका सेवा-पुरवठादारावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या देशभरातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे डिजिटल व्यवहार थांबले. त्या बँकांच्या शाखांत कोणाचे काही चुकले नव्हते.

उलटपक्षी, एकट्या पडलेल्या जुन्या संगणकाला सुरक्षित समजणेही बरोबर नाही. त्यावर पेनड्राइव्ह लागतो, बँकेचे नेट बँकिंग त्यावरच उघडते आणि व्हॉट्सॲप वेबही तिथेच चालू असते. मे २०१७ च्या वॉनाक्राय हल्ल्यात ज्यांनी दोन महिने आधी आलेली सुधारणा बसवली नव्हती, अशी यंत्रे जगभर बळी पडली. आधार संपलेल्या विंडोजवर तर अशी सुधारणा येणारच नाही. विंडोज १० साठी ठरावीक मुदतीपर्यंत वाढीव सुरक्षा घेता येते, पण ती मुदतवाढ आहे, सुटका नाही. शिवाय विंडोज ११ ला टीपीएम २.० ही चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, म्हणजे यंत्र बदलणे आले. नव्या यंत्राला प्रिंटरचा जुना पॅरलल पोर्ट नसतो, आणि पुष्कळ जुने प्रोग्रॅम थेट त्या पोर्टवर छपाई पाठवतात. प्रोग्रॅम चालतो, पण बिलाची कार्बन प्रत निघत नाही.

कारकुनांची बाजू कोणी विचारत नाही, म्हणून तिला इथे जागा दिली पाहिजे. ज्या बाईंनी बारा वर्षे एकाच पडद्यावर बिले केली आहेत, त्यांना पडद्याकडे पाहावेही लागत नाही. पार्टीचा कोड, एंटर, नग, एंटर, दर, एंटर, आणि बोटे पुढच्या बिलावर. नव्या ब्राउझरमधल्या पडद्यावर प्रत्येक ठिकाणी माउस न्यावा लागला, तर दिसायला सुंदर असलेला प्रोग्रॅम त्यांच्यासाठी मागे जाणेच आहे. त्यांचा विरोध बदलाला नसतो, हळू होण्याला असतो. दुसरीकडे, त्याच बाईंच्या मुलीला तो निळा-करडा पडदा शिकवायला गेले तर ती दोन दिवसांत नोकरी सोडते. दोघींचेही बरोबर आहे.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांना एकाच राष्ट्रीय सॉफ्टवेअरवर आणण्याची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यामागचे तर्कशास्त्र सरळ आहे. प्रत्येक विकास सोसायटीने आपापला प्रोग्रॅम सांभाळत बसण्यापेक्षा एकाने सगळ्यांचा सांभाळावा, तपासणीही सोपी होते. हा युक्तिवाद पटतो. तरीही, जिथे स्थानिक चालीरीती हाच धंद्याचा गाभा आहे, तिथे एकसारखेपणाची किंमतही मोजावी लागते, आणि ती दिल्लीच्या कागदावर दिसत नाही.

अनुभवी प्रोग्रॅमरांच्या जगातही हा प्रश्न सहज सुटला नाही, हे लक्षात घेतले तर आपल्याकडच्या संकोचाकडे अधिक सहानुभूतीने पाहता येते. पायथन ३ ही आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली. पायथन २ चा आधार २०१५ मध्ये संपवायचा ठरला होता, तो पुढे ढकलून १ जानेवारी २०२० करावा लागला. जुनी आणि नवी भाषा अकरा वर्षे शेजारी-शेजारी नांदल्या. त्या काळात ज्यांनी थोडे थोडे करत कोड बदलला ते पार पडले, ज्यांनी शेवटच्या वर्षावर ढकलले त्यांची धावपळ झाली.

एका ठिकाणी मात्र आम्हाला दोन्ही बाजू सारख्या वजनाच्या वाटत नाहीत. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत अजूनही टर्बो सी++ शिकवला जात असेल, तर तो आज थांबवावा. सी++ चे पहिले प्रमाणीकरण १९९८ चे, आणि बोर्लंडचे हे साधन त्याच्याही आधीचे. आजच्या ६४-बिट विंडोजवर ते थेट चालतही नाही, त्यासाठी डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम लावावा लागतो. त्यात पूर्णांक ३२,७६७ च्या पुढे गेला की उत्तर उणे होते. शिक्षकांच्या टिपणवह्या आणि प्रात्यक्षिकांच्या फायली त्यावर बेतलेल्या असतात, ही अडचण खरी आहे. पण कारखान्याचा जुना कोड टिकवण्यामागे धंद्याचे ज्ञान टिकवण्याचे कारण आहे, प्रयोगशाळेत तसे कोणतेही कारण नाही.

आता कल कोणीकडे, ते सांगायला हवे. यंत्रमागाच्या शहराला त्यासाठी बाहेरचे उदाहरण शोधावे लागत नाही. साध्या मागाची जागेवरच सुधारणा करण्याची केंद्र सरकारची एक योजना होती, २०१७ पासून ती पॉवरटेक्स इंडियाचा भाग झाली. तिच्यात माग भंगारात काढून नवा आणायचा नव्हता. त्याच मागाला ताण्याचा किंवा बाण्याचा धागा तुटला की थांबवणारी व्यवस्था, चांगला ब्रेक, बिमावरून ताणा नीट सोडणारे यंत्र असे भाग जोडायचे होते. सांगाडा तोच ठेवून जिथे दोष निघत होता तेवढे बदलायचे. आधुनिक रॅपियर मागाची बरोबरी त्याने होत नाही, हे मान्य. पण ज्याला रॅपियर परवडत नव्हता त्याच्यासाठी तो शहाणपणाचा मार्ग होता.

सॉफ्टवेअरच्या बाबतीतही आमचा कल बदलाकडे आहे, पण तो असा जागेवरचा आणि टप्प्याटप्प्याचा. सगळे एका दिवशी बदलणे आम्हाला धोक्याचे वाटते, आणि काहीच न बदलणे त्याहून थोडे अधिक धोक्याचे. कारण पहिला धोका आपण दिवस ठरवून पत्करतो, दुसरा आपल्याला न विचारता येतो.

सुरुवात डेटापासून व्हावी. ॲक्सेसच्या फाइलची मर्यादा दोन जीबी आहे, ती भरत आली की फाइल खराब होण्याचे प्रसंग वाढतात. एसक्यूएल सर्व्हरची एक्स्प्रेस आवृत्ती किंवा पोस्टग्रेएसक्यूएल फुकट मिळतात, आणि जुने व्हिज्युअल बेसिकचे पडदे त्यांच्याशी बोलू शकतात. कोडमध्ये बदल लागतो, पण मर्यादित. म्हणजे कारकुनाला पडदा तोच दिसतो आणि पोटातली साठवण मात्र नवी, फेरबदलाची नोंद ठेवू शकणारी होते. नावे युनिकोडमध्ये आणण्याचे किचकट काम याच टप्प्यात सुरू करावे. त्यानंतर बाहेरच्या जगाशी बोलणारे भाग, म्हणजे ई-इन्व्हॉइस, पिग्मी एजंटाचे मोबाइल ॲप, गिऱ्हाइकाला जाणारे बिल, हे नव्या भाषेत छोटे, वेगळे प्रोग्रॅम म्हणून लिहावेत. त्यांनी त्याच डेटाबेसमधून वाचावे. पायथन किंवा सी शार्प जाणणारा इथलाच पोरगा हे करू शकतो, आणि जुन्या प्रोग्रॅमरबरोबर बसून धंदा शिकू शकतो. नोंदीचे पडदे सर्वांत शेवटी बदलावेत, आणि तेव्हाही एंटरची वाट तीच राहावी.

या मार्गालाही किंमत आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. काही वर्षे दोन पिढ्यांची साधने एकदम सांभाळावी लागतील. अर्धवट स्थिती कायमची होऊन बसण्याचा धोकाही आहे. तिसरा टप्पा पुढच्या वर्षी करू असे म्हणत अनेकांचे घर असेच अर्धे रंगवलेले राहते. म्हणून प्रत्येक टप्प्याला तारीख हवी, आणि ती धंद्याचे वेळापत्रक पाहून ठरवावी. मार्च एंडिंगला हात लावू नये. दिवाळीपूर्वी आणि थंडीतल्या चादरीच्या हंगामात तर मुळीच नाही. नवी बिल-मालिका १ एप्रिललाच सुरू होते, तेव्हा नव्याने बिले काढायची तर ती तारीख सोयीची. पण त्याआधीचे निदान तीन महिने जुने आणि नवे दोन्ही बाजूबाजूला चालवून रोजची बेरीज पैशापर्यंत ताडून पाहावी. त्या अर्ध्या पैशाचे काय करायचे, ते सीएला विचारून लेखी ठरवावे.

ज्या छोट्या दुकानाची महिन्याला पन्नास बिले आहेत, ज्याला ई-इन्व्हॉइस लागू नाही आणि ज्याचा मालक पुढच्या काही वर्षांत धंदा आवरणार आहे, त्याने जुना प्रोग्रॅम नव्या संगणकावर बसवून चालवावा, त्यात कमीपणा नाही. याउलट, पतसंस्थेचा डेटा ॲक्सेसमध्ये असेल आणि सोर्स कोड हरवलेला असेल, तर तिथे टप्प्यांची चर्चाही आम्ही करणार नाही. तिथे नव्याने लिहून घेणे किंवा तयार यंत्रणा घेणे याला पर्याय नाही, आणि ते ठेवीदारांना कळवून करावे.

प्रोग्रॅमर मंडळींनाही एक विनंती आहे. गिऱ्हाईक हातचे जाईल म्हणून सोर्स कोड दाबून ठेवण्याची रीत या धंद्यात आहे, आणि तिच्यामागची भीती खोटी नाही. वर्षभराच्या देखभाल करारावर, म्हणजे एएमसीवर, ज्याचे घर चालते त्याला ती वाटणारच. पण कोड दिल्यावरही गिऱ्हाईक टिकवता येते, कारण धंदा ज्याला कळतो असा माणूस सहज मिळत नाही. तेव्हा मालकांनो, पुढच्या एएमसीच्या कागदावर सही करण्यापूर्वी दोन ओळी त्यात घालून घ्या. सोर्स कोडची आणि त्याला लागणाऱ्या सर्व फायलींची पूर्ण प्रत मालकाकडे राहील. आणि वर्षातून एकदा त्या प्रतीवरून, दुसऱ्या संगणकावर, तुमच्यासमोर प्रोग्रॅम तयार करून दाखवला जाईल.